खूण घातलेल्या पानावरून

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एकच गोष्ट विचारली होती : सध्या हातात असलेली, अजून वाचून न झालेली कादंबरी कोणती, आणि तिच्याविषयी इतरांशी बोलताना अडचण कुठे येते? कादंबऱ्यांची नावे नाना प्रकारची आली. अडचणी मात्र फिरून फिरून त्याच निघाल्या. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाचकगटात आम्ही नऊ जण असून महिन्याच्या पहिल्या रविवारी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो. जे पुस्तक वाचून पूर्ण झाले त्यावरच बोलायचे, असा गटाचा नियम आहे. मी जानेवारीपासून श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' वाचतो आहे. दोन खंड, त्यात नोकरी आणि लोकलचा प्रवास, त्यामुळे वाचन सावकाश चालले आहे. पण रात्री दिवा मालवल्यावरही डोक्यात तेच घोळत राहते. गेल्या तीन बैठकांत मी नुसता चहा पिऊन परत आलो. अर्धवट वाचलेल्या कादंबरीवर मत देणे खरोखरच अप्रामाणिकपणाचे आहे काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नियम करणाऱ्यांचा हेतू माझ्या लक्षात येतो. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून तासभर बोलणारी माणसे प्रत्येक गटात एखाददुसरी असतातच आणि त्यांना आवरण्यासाठी असा नियम करावासा वाटतो. परंतु त्या एकदोघांच्या भीतीने बाकीच्या सात जणांची तोंडे बंद करणे मला पटत नाही. कादंबरी संपली की आपण तिच्याविषयी बऱ्याचदा ठरीव बोलू लागतो : कथानक असे, व्यक्तिरेखा अशा, शेवट पटला किंवा पटला नाही. ती चालू असताना मात्र आपण तिच्याशी भांडत असतो, पुढचे अंदाज बांधत असतो, एखाद्या पात्रावर विनाकारण चिडत असतो. हे बोलणे पुढे आठवून आठवून करता येत नाही, कारण शेवट कळल्यावर आपणच आपले आधीचे अंदाज सोयीस्करपणे विसरतो.

शिवाय अपुऱ्या कादंबरीवर बोलण्याची सवय मराठी वाचकाला जुनीच आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना आपली कहाणी स्वतः सांगते आहे आणि पुढचा अंक हाती येईपर्यंत वाचकाला पुढचे पान पाहण्याची सोयच नाही, अशा स्थितीत आठवडाभर घरोघरी तिच्या सासरच्या माणसांविषयी कोणी चकार शब्द काढला नसेल, हे संभवत नाही. तुमच्या गटाचा नियम तेव्हा असता तर त्या कादंबरीविषयी बोलायला ती संपेपर्यंत थांबावे लागले असते.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. मध्यावर असलेल्या वाचकाला काही गोष्टी पूर्ण अधिकाराने सांगता येतात आणि काही सांगता येत नाहीत. भाषा कशी आहे, निवेदकावर विश्वास बसतो की नाही, कुठे वाचनाचा वेग वाढला आणि कुठे पुस्तक दोन दिवस उशाशी तसेच पडून राहिले, हे सांगायला शेवटाची वाट पाहण्याचे कारण नाही. लेखकाला अखेर काय म्हणायचे आहे, अमुक पात्राला न्याय मिळाला की नाही, रचना फसली की साधली, हे मात्र राखून ठेवावे लागते. खांडेकरांच्या 'ययाति'चे उदाहरण पाहा. तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. ययातीचेच निवेदन वाचून झालेला वाचक देवयानीविषयी जे मत सांगेल, ते खरे पाहता ययातीचे मत असेल. देवयानी स्वतः बोलू लागली की त्याला ते तपासून घ्यावे लागेल. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये तर कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांनाही निवेदनाचा अधिकार आहे. अशा कादंबरीच्या वाचकाने आपले मत दर टप्प्यावर सांगितले तर त्यात अप्रामाणिक काही नाही. उलट मत कुठे आणि कशाने बदलले, हाच त्या बैठकीतील सर्वांत ऐकण्यासारखा भाग होईल.

मला स्वतःला याचा धडा 'कोसला'ने दिला. महाविद्यालयात असताना मी ती निम्मी वाचून मैत्रिणीला सांगितले होते की, वसतिगृहातील गमतीजमतींची ही कादंबरी आहे आणि पांडुरंग सांगवीकर हा गृहस्थ 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणून हसवतो. पुढे धाकट्या बहिणीचा भाग आला. तो वाचल्यावर मला माझे वाक्य मागे घ्यावे लागले. पण पूर्णपणे नाही. हसू आले होते हे खरेच होते, आणि त्या हसण्यामुळेच पुढचा भाग सहन होईना, हेही खरे होते. पहिले मत मी कोणाला सांगितलेच नसते तर दुसरे इतक्या स्पष्टपणे लक्षात आले नसते.

तुमच्या कादंबरीपुरते एक वेगळे सांगते. 'तुंबाडचे खोत' जगबुडीच्या काठच्या एका घराण्याची, पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. अशा कादंबरीत ज्या पिढीचा अध्याय मिटला तिच्याविषयी तुम्ही आजही संपूर्ण मत देऊ शकता. ती माणसे गेली, आता त्यांच्या हातून नवे काही घडणार नाही. त्यांचे ऋण आणि त्यांचे शाप पुढच्यांच्या वाट्याला कसे येतात, तेवढे पाहायचे राहते. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानात घड्या घालून एक कागद ठेवा आणि त्यावर खोतांची वंशावळ स्वतः मांडत चला. नावांचा गोंधळ झाला म्हणून अशा कादंबऱ्या अर्ध्यावर टाकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि बैठकीत तो कागद पसरून बोलायला लागलात की बाकीचे आठ जण आपोआप पुढे सरकतील.

गटाला असे सुचवा की बैठकीची पहिली वीस मिनिटे 'सध्या हातात' असलेल्या पुस्तकांसाठी राखावीत, आणि प्रत्येकाने सुरुवातीलाच आपण कुठवर आलो ते सांगावे. (ई-पुस्तक वाचणारे सदतीस टक्के झाले म्हणून सांगतात, छापील प्रत वाचणाऱ्याला त्यातून काही उमगत नाही. त्यांनी प्रकरण सांगावे.) एवढे झाले की मलपृष्ठावर बोलणारेही आपोआप उघडे पडतील.

प्रश्न : यजमान आणि मी सध्या 'स्वामी'ची एकच प्रत वाचत आहोत. ते माझ्यापुढे साठ-सत्तर पाने आहेत आणि जेवताना पुढचे सांगून मोकळे होतात. मी रागावले की म्हणतात, "माधवराव पेशवे थेऊरला वारले हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, त्यात लपवायचे काय?" यांना काय उत्तर द्यावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांचे अर्धे बोलणे मान्य करा, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर त्यांना अडवता येईल. थोरले माधवराव 1772 मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. रणजित देसाई यांनाही ते माहीत होते आणि वाचकाला माहीत आहे हेही माहीत होते; 1962 मध्ये आलेली ती कादंबरी त्या ज्ञानावरच उभी आहे. माधवराव आणि रमाबाई यांच्यातील साधासा हसण्याबोलण्याचा प्रसंगही आपण गळ्यात आवंढा घेऊन वाचतो तो त्यामुळेच. इतिहासाच्या पुस्तकात जे आहे ते गुपित नव्हे, इथवर तुमचे यजमान बरोबर आहेत.

पण इतिहासाच्या पुस्तकात जे नाही, ते लेखकाने स्वतः घडवलेले आहे : कोणत्या क्षणी कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, काका-पुतण्यांच्या भेटीत नजर कोणी आधी खाली वळवली. हे त्यांनी जेवताना सांगितले की तुमच्या वाट्याचे वाचन ते उष्टे करतात, आणि हे आपले कृत्य त्यांना कळतही नाही, कारण त्यांच्या मते त्यांनी फक्त इतिहास सांगितला. ऐतिहासिक कादंबरीत तारखा सांगाव्यात, प्रसंग सांगू नयेत.

इतर कादंबऱ्यांना तर हीही सवलत नाही. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' 1939 ची आहे. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवरचे काही दिवस, चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा, एवढे मी येथे लिहिते आणि पुढे लिहीत नाही. पुस्तक जुने झाले म्हणून ते प्रत्येकाचे वाचून झाले असे होत नाही. आज कोणीतरी ते पहिल्यांदाच उघडत असेल.

घरातल्या तंट्यावर एक तोडगा सुचवते. प्रतीत दोन खुणा ठेवा आणि असे ठरवा की पुढे असणाऱ्याने फक्त विचारायचे व मागे असणारीने सांगायचे. "राघोबादादांविषयी तुझे आतापर्यंत काय मत झाले?" असे त्यांनी विचारले तर त्यांचीही बोलण्याची हौस भागेल आणि तुमचेही काही जाणार नाही. हे विचारताना ते मिशीत हसले तर मात्र समजा की पुढे काहीतरी आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. सध्या उद्धव शेळके यांची 'धग' वाचतो आहे. पन्नास पाने झाली तेव्हा गटात म्हणालो की, भाषा फार अवघड आहे, थोडी सोपी मराठी वापरली असती तर पुस्तक अधिक लोकांपर्यंत गेले असते. त्यावर अकोल्याच्या एक सदस्या चांगल्याच नाराज झाल्या. "अवघड तुम्हाला असेल, आम्हाला ती घरची आहे," असे म्हणाल्या आणि पुढे बोलल्याच नाहीत. माझे काय चुकले? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग तुमच्याविषयी होता आणि तो खरा होता. दुसऱ्या भागात तुम्ही लेखकाला सल्ला दिलात, आणि तोही पन्नासाव्या पानावरून.

'धग' 1960 मध्ये प्रसिद्ध झाली. कौतिक ही तिची नायिका. दारिद्र्याशी तिचा रोजचा सामना आणि संसार सावरण्याची तिची जिवापाड धडपड हा तिचा विषय. त्यातील माणसे वऱ्हाडी बोलतात, कारण ती दुसरे काही बोलूच शकत नाहीत. 'मले'चे 'मला' केले आणि 'काऊन'च्या जागी 'का' लिहिले तर अर्थ तोच राहील, पण तो अर्थ सांगणारी कौतिक नाहीशी होईल. तुम्हाला हे सुचले याचे कारण मी सांगू का? तुम्ही सांगलीचे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'तील माणदेशी बोलणे तुम्ही वाचले असेल तर ती 'बोली' आहे हे तुम्हाला जाणवलेही नसेल. अकोल्याच्या त्या बाईंना कदाचित तिथे अडखळायला झाले असेल आणि त्या काही न बोलता पुढे गेल्या असतील. सोपी आणि अवघड हे शब्द आपण कुठून आलो यावर ठरतात, एवढे भान ठेवले असते तर त्या दुखावल्या नसत्या.

ही अडचण माझीही होती. 'धग' पहिल्यांदा वाचताना मी चाळीस पानांवर अडकून बसले होते. शब्द लागत नव्हते असे नाही. सूर लागत नव्हता. आमच्या गटात तेव्हा वऱ्हाडात जन्मलेल्या, पण लग्नानंतर तीस वर्षे पुण्यात काढलेल्या एक बाई येत असत. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतले, चश्मा कपाळावर सरकवला आणि सतरंजीवर मांडी घालून दोन पाने मोठ्याने वाचली. पहिल्या चार ओळी त्याही अडखळल्या, त्यांची जीभ पुण्याला सरावलेली होती. मग आवाज बदलला. जी ओळ मी तीन वेळा तक्रार म्हणून वाचली होती ती त्यांनी अशी काही हेल काढून वाचली की ती थट्टा होती हे खोलीतल्या सगळ्यांना कळले. वाचून झाल्यावर त्या काही क्षण पुस्तक मिटून तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी अशी बोलायची." त्या रात्री मी उरलेली पाने ओठ हलवत, अर्धवट मोठ्याने वाचली आणि दोन-तीन दिवसांत कान तयार झाला.

तुम्हीही तसेच करून पाहा, आणि पुढच्या बैठकीत मत सांगाल ते असे काहीसे सांगा : माझी सत्तर पाने झाली, माझा वेग निम्म्यावर आला आहे, बरेचसे शब्द संदर्भाने लागतात, पण हे दहा शब्द काही केल्या लागत नाहीत. ती दहा शब्दांची चिठ्ठी अकोल्याच्या त्या सदस्यांपुढे ठेवा. त्या नाराज राहणे मला कठीण दिसते. 'धग' संपल्यावर सदानंद देशमुख यांची 'बारोमास' लगेच घ्या; तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी सुचवते आहे ते त्यासाठी नाही. एकदा तयार झालेला कान वाया जाऊ नये म्हणून.

प्रश्न : नेमाडे यांची 'हिंदू' मी दीडशे पानांनंतर बाजूला ठेवली. आमच्या मंडळात हे सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की, पुस्तक पूर्ण न करणाऱ्याला मत असू शकत नाही, तुमचीच तयारी कमी पडली. — एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : तयारी कमी पडली असे तुम्ही स्वतः म्हणू शकता, त्यांनी म्हणायचे कारण नव्हते. थांबणे हेही एक मत आहे. फक्त ते पुस्तकाविषयी जितके असते तितकेच वाचणाऱ्याविषयी असते, म्हणून ते सांगताना कुठे थांबलो, तेव्हा काय चालले होते आणि आपण स्वतः कोणत्या परिस्थितीत वाचत होतो हे सांगावे लागते. घरात आजारपण असताना टाकलेली कादंबरी आणि कंटाळून टाकलेली कादंबरी यांत फरक आहे.

'हिंदू'पुरते एक लक्षात घ्या. 2010 मध्ये आलेल्या या कादंबरीच्या नावाला 'जगण्याची समृद्ध अडगळ' असे शब्द जोडलेले आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे निघतो आणि आठवणी एकीतून दुसरी अशा निघत जातात. तेव्हा 'कादंबरी भरकटते' एवढेच तुम्ही मंडळात सांगितले असेल तर ती तक्रार म्हणून फारशी टिकणार नाही. अडगळीच्या खोलीत शिरल्याची सूचना मुखपृष्ठावरच दिलेली आहे. त्या भरकटण्यातून तुम्हाला काय मिळाले नाही, हे सांगता आले तर मात्र त्या ज्येष्ठ गृहस्थांनाही उत्तर द्यावे लागेल. आणि 'सोडली' म्हणण्याऐवजी 'ठेवली आहे' म्हणा. मी एक कादंबरी अकरा वर्षे 'ठेवली' होती.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकीला शिकतो. सध्या मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचतोय आणि ती जाम भारी आहे. अडचण अशी की मला 'भारी' आणि 'बोअर' यांच्या पलीकडे काही सांगताच येत नाही. मामा विचारतो, "भारी म्हणजे काय रे?" आणि मी गप्प बसतो. समीक्षेची पुस्तके वाचावीत काय? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात वाचू नका, म्हणजे पुढे वाचा, आत्ता नको. आधी मामांच्या प्रश्नाला उत्तर द्या. 'भारी' हा शब्दही टाकून देऊ नका. कोल्हापूरकराने 'भारी' म्हणावे, फारच आवडले तर 'नाद खुळा' म्हणावे. हा शब्दप्रयोग माझ्या तोंडी शोभत नाही याचा मला थोडा हेवाच वाटतो. फक्त त्याच्यापुढे 'कुठे' हा प्रश्न जोडा. भारी, पण कुठे? कोणत्या पानावर? एक जागा दाखवता आली की बोलायला सुरुवात होते.

'शाळा'तील मुले एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात, ती जागा घ्या. मोठी माणसे तिथे येत नाहीत, घरचे आणि शाळेचे डोळे तिथे पोहोचत नाहीत. त्या इमारतीत मुले जे बोलतात ते वर्गात बोलतील काय? तीच मुले घरी कशी बोलतात? हे तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच मुलाच्या तीन भाषा तुम्हाला दिसतील, आणि 'भारी'मधला बराचसा भाग त्यातच असेल. आणखी एक पाहा. ही कथा आणीबाणीच्या काळातली आहे, परंतु ती नववीतला मुकुंद जोशी सांगतो, म्हणून आणीबाणी त्याच्यापर्यंत जेवढी पोहोचते तेवढीच आपल्यापर्यंत येते. त्याला जे कळत नाही पण तुम्हाला कळते, अशा जागा पेन्सिलीने टिंब देऊन ठेवा. मामांचे वय पन्नाशीच्या पुढचे असेल तर त्यांना त्या जागा दाखवा. ते स्वतःच्या शाळेच्या आठवणी सांगू लागतील आणि तुमची सुटका होईल.

मी दुसऱ्यांना सांगते ते स्वतः करते की नाही, असे तुम्ही विचाराल, म्हणून माझ्या हातात असलेल्या पुस्तकाविषयी लिहिते. मी 'बनगरवाडी' पुन्हा वाचते आहे आणि अर्ध्यावर आहे. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि शाळा भरवू पाहतो. मुले मेंढरांमागे गेलेली असतात. या वेळी माझ्या असे लक्षात आले की निवेदक माणसांकडे जितक्या शांतपणे पाहतो तितक्याच शांतपणे मेंढरांकडे, रानाकडे, आभाळाकडे पाहतो आणि कोणावरही शेरा मारत नाही. पहिल्या वाचनात हा मला संयम वाटला होता. आता मला शंका येते की मास्तर नुसता पाहुण्यासारखा वावरतो आहे. तो गावाचा होतो तरी कधी? तालमीची इमारत बांधायचे ठरते तिथे तो पहिल्यांदा काही मनावर घेतो असे मला वाटते, पण तो भाग पुन्हा वाचून व्हायचा आहे. माझे मत आज एवढेच आहे. यात एकही समीक्षेचा शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात काम करते. परत आलेल्या कादंबऱ्यांच्या समासात लोकांनी पेन्सिलीने मते लिहिलेली असतात. समितीचे म्हणणे की हे सगळे खोडून काढावे. मला खोडताना वाईट वाटते, कारण कधीकधी पुस्तकापेक्षा तेच वाचत बसते. — एक ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : समितीचे बरोबर आहे आणि तुमचेही. पुस्तक सगळ्यांचे असते. पुढच्या वाचकाला कोरा समास मिळण्याचा अधिकार आहे, विशेषतः एखाद्या महाभागाने सत्तराव्या पानावरच खुनी कोण ते लिहून ठेवले असेल तर. ते आधी खोडा.

पण तुमचे वाईट वाटणेही मला कळते. मी शाळेत शिकवत असताना एका वाचनालयातून आणलेल्या सामाजिक कादंबरीत असा संवाद भेटला होता. नायिका घर सोडायचे ठरवते त्या पानावर कोणीतरी टोकदार पेन्सिलीने लिहिले होते, "असे कोणी करत नाही." त्याखाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात : "मी केले." आणि सर्वांत खाली, बहुधा बऱ्याच वर्षांनी, निळ्या शाईत, "पुढचे प्रकरण वाचून मग बोला." तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला पाहिले नव्हते. मी ते पुस्तक वेळेवर परत केले नाही आणि दंड भरला.

तुमच्या वाचनालयातील जुन्या पुस्तकांना मागच्या पुठ्ठ्याच्या आत कार्ड ठेवण्याची कागदी खोबण अजून असेल. नोंदी संगणकावर गेल्यामुळे ती आता रिकामीच राहत असणार. समासातील मते खोडण्यापूर्वी एका वहीच्या कागदावर पान क्रमांकासह उतरवून घ्या आणि तो कागद घडी करून त्या खोबणीत ठेवा. पुढच्या वाचकांना काही लिहायचे असेल तर त्यांनी त्या कागदावर लिहावे, समासात नाही, अशी पाटी देवघेवीच्या टेबलावर लावा. सुरुवात 'तुंबाडचे खोत'च्या प्रतीपासून केलीत तर चांगले. तिच्यासोबत वंशावळीसाठी आणखी एक कोरा कागद ठेवायला विसरू नका.